झिंकची बाटली आणण्याआधी

कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलाच्या औषधांच्या पिशवीत केमोच्या गोळ्या, उलटीचं औषध आणि तोंडाच्या फोडांचा माउथवॉश यांच्या शेजारी बऱ्याचदा झिंकच्या सिरपची एक बाटली असते. फाइलमध्ये तिची नोंद नसते. जेवण जात नाही म्हणून ओळखीच्या मेडिकलमधून आणलेली, 'निदान अंगात ताकद तरी येईल' म्हणून सुरू केलेली आणि कधी थांबवायची हे कुणीच न सांगितल्यामुळे महिनोन्‌महिने चालू राहिलेली. मुलाला झिंक कमी पडत असेलही. पण कमी पडलंय का हे न पाहता आणि किती, किती दिवस हे न ठरवता दिलेलं झिंक याच मुलांना सगळ्यात महागात पडतं, कारण त्यांच्या रक्तातल्या पेशींच्या आकड्यांवर पुढची केमो ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातल्या मराठी घरांसाठी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

झिंक, तांबं, सेलेनियम, लोह, मँगनीज, आयोडीन ही खनिजं शरीराला मिलिग्रॅममध्ये, काही तर मायक्रोग्रॅममध्ये लागतात. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला झिंक लागतं साधारण चार-पाच मिलिग्रॅम आणि सेलेनियम पंचवीस-तीस मायक्रोग्रॅम. प्रमाण एवढं लहान असलं तरी जिथे जिथे पेशी भराभर नव्यानं तयार होतात, म्हणजे आतड्याचं अस्तर, तोंडाची आतली कातडी, अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा मगज), केसांची मुळं, तिथे यांच्यावाचून काम अडतं. केमोचा मारही नेमका याच ठिकाणी बसतो. त्यात झिंकचा राखीव साठा असा शरीरात नसतो, ते रोजच्या रोज पोटातून यावं लागतं आणि बाहेर जातं तेही मुख्यतः आतड्यातूनच. तोंडात फोड, चव गेलेली, केमोच्या व्हिंक्रिस्टिन या औषधामुळे बद्धकोष्ठ, नंतर कधी आठवडाभर जुलाब, अशा मुलाकडे येणारं कमी आणि जाणारं जास्त असा हिशेब सहज होतो. वर आपल्याकडे कित्येक मुलं आजार कळण्याआधीच जेमतेम पोसलेली असतात.

अडचण अशी, की खनिजाची कमतरता आणि केमोचा परिणाम ही दोन्ही दिसायला सारखीच असतात. केस गळणं, चव जाणं, जुलाब, जखम लवकर न भरणं, वारंवार जंतुसंसर्ग ही झिंक कमी पडल्याची लक्षणं आहेत आणि केमोचीही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी होणं, हिमोग्लोबिन घसरणं हे तांबं कमी पडल्यानं होतं, केमोनंही होतं. सेलेनियम फार कमी पडलं तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात, केमोतलं डॉक्सोरुबिसिन हे औषधही हृदयावरच परिणाम करतं. म्हणून नुसतं बघून 'याला झिंक कमी आहे' असं कुणी सांगितलं, मग ते कितीही अनुभवी का असेनात, तर तो अंदाजच समजायचा. एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तोंडाभोवती, शी-शूच्या जागेभोवती आणि हातापायांच्या बोटांवर एकाच वेळी लालसर, कडा स्पष्ट असलेले, पापुद्रे सुटणारे चट्टे आले आणि बुरशीचं मलम लावूनही ते हटत नसतील, तर डॉक्टरांना झिंकबद्दल आवर्जून विचारा. नुसत्या डायपरच्या पुरळात तोंडाभोवती चट्टे येत नाहीत.

वजनाच्या काट्यावर फार विसंबू नका. मूत्रपिंडाची विल्म्स गाठ किंवा न्यूरोब्लास्टोमा (मज्जातंतूंच्या पेशींची गाठ) असलेल्या मुलाच्या पोटात गाठीचंच वजन बरंच असू शकतं. काटा ठीक दाखवतो आणि मूल आतून वाळत जातं. स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाचं वजन पाणी आणि चरबीनं वाढतं, स्नायू मात्र कमी होत असतात. म्हणून दंडाचा घेर मोजणं जास्त भरवशाचं. अंगणवाडीताईंकडे रंगीत पट्टी असते. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण करायची, मग हात सैल खाली सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर कुपोषण आणि ११.५ च्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. दर पंधरा दिवसांनी मोजून तारखेसकट फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. हा एक आकडा डॉक्टरांना 'काही खात नाही हो' या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

तपासणी: आकडा खोटा कसा निघतो

रक्तातलं झिंक मोजता येतं, पण ही तपासणी हिमोग्लोबिनसारखी सरळ नाही. ती चुकते कुठे, हे माहीत असलं तर पैसे वाया जात नाहीत.

पहिली गोष्ट, नळी. नेहमीच्या नळीच्या रबरी बुचातूनही झिंक रक्तात उतरू शकतं. त्यासाठी गडद निळ्या बुचाची, खनिजांच्या तपासणीसाठीचीच नळी लागते. रक्त घेण्याआधी ती नळी लॅबमध्ये आहे का, हे विचारा. दुसरी गोष्ट, वेळ. सकाळी उपाशीपोटी, त्या दिवशीचा झिंकचा डोस द्यायच्या आधी. जेवणानंतर आणि दुपारी आकडा आपोआप खाली येतो. दहा वर्षांखालच्या मुलांत सकाळच्या नमुन्यात ६५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं तर कमी धरतात, दुपारच्या नमुन्याला हीच सीमा ५७ वर येते.

तिसरी गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची. तालुक्याच्या गावात रक्त घेतलं जातं, तिथून ते बेळगावला येतं आणि बेळगावहून बहुतेक वेळा पुढे मोठ्या शहरातल्या लॅबकडे जातं. लाल पेशींच्या आत सीरमपेक्षा, म्हणजे रक्तातल्या पेशींशिवायच्या पातळ भागापेक्षा, कितीतरी जास्त झिंक असतं. रक्त तसंच तासन्‌तास पडून राहिलं, गाडीत हिंदकळलं आणि पेशी फुटल्या, की ते झिंक सीरममध्ये येतं आणि आकडा उगाच चांगला दिसतो. खरी कमतरता त्यात झाकली जाते. तेव्हा नमुना पाठवण्याआधी इथेच यंत्रात फिरवून सीरम वेगळं करणार का, हे स्पष्ट विचारा. सीरम लालसर दिसत असेल किंवा रिपोर्टवर नमुना हिमोलाइज्ड (पेशी फुटलेला) असल्याचा शेरा असेल, तर तो आकडा धरू नका.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त गोंधळ घालते. ताप किंवा संसर्ग असताना शरीर स्वतःच रक्तातलं झिंक काढून यकृताकडे वळवतं. सेलेनियमही खाली येतं. तांब्याचं मात्र उलटं होतं. तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन दाह असताना वाढतं, त्यामुळे रक्तात तांबं नॉर्मल किंवा जास्त दिसतं. म्हणजे तापात केलेल्या तपासणीत झिंक खरं असेल त्यापेक्षा कमी दिसतं आणि तांब्याची कमतरता दिसतच नाही. या दोन आकड्यांवरून कुणी झिंकचा डोस वाढवला, तर चूक दुप्पट होते. म्हणून झिंक, तांबं, सेलेनियम यांच्यासोबत त्याच नमुन्यात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) करून घ्यावं. सीआरपी २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर झिंकच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. सेलेनियमसाठी तर १० च्या वरच थांबावं. इथे एकक नीट पाहा. काही लॅब सीआरपी प्रति डेसिलिटर देतात, तिथे २ म्हणजेच २० झालं. ताप उतरून काही दिवस गेल्यावर, केमोचं पुढचं चक्र सुरू होण्याआधीच्या रक्ततपासणीतच हे उरकलं तर वेगळी सुईही टोचावी लागत नाही.

आणखी एक धागा फुकट मिळतो. यकृताच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज असतं. हे एन्झाइम झिंकवाचून चालत नाही. वाढत्या मुलात ते मोठ्या माणसापेक्षा जास्तच असायला हवं. ते सतत कमी येत असेल, अगदी रिपोर्टवर छापलेल्या मोठ्यांच्या मर्यादेत 'नॉर्मल' दिसत असलं तरी, झिंकची शंका घ्यायला जागा आहे. खात्री मात्र त्यानं होत नाही, कारण नुसत्या कुपोषणानं आणि थायरॉइड कमी असल्यानंही ते घसरतं.

डोस आणि लेबल

कमतरता ठरली, तर डॉक्टर साधारण दर किलो वजनामागे दिवसाला १ मिलिग्रॅमच्या आसपास झिंक ठरावीक काळ देतात. यातला 'ठरावीक काळ' हा भाग घरी पोचेपर्यंत गळून पडतो. चिठ्ठीवर थांबवण्याची तारीख लिहून घ्या. लिहिली नसेल तर मागा.

बाटलीवर दोन आकडे असतात. एक संयुगाचा, दुसरा निव्वळ झिंकचा. झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ५५ मिलिग्रॅम म्हणजे निव्वळ झिंक २० मिलिग्रॅम. ग्लुकोनेटमध्ये तर निव्वळ झिंक सातव्या हिश्शाइतकंच असतं. हिशेब नेहमी 'एलिमेंटल' शब्दापुढच्या आकड्यानं करायचा. १४ किलोच्या मुलाला १४ मिलिग्रॅम द्यायचं ठरलं आणि बाटली ५ मिलीला २० मिलिग्रॅमची असेल तर साडेतीन मिली. दुकानदारानं पुढच्या वेळी ५ मिलीला १० मिलिग्रॅमवाली बाटली दिली तर तोच डोस सात मिली. बाटली बदलली की गणित नव्यानं करायचं. घरातला चमचा मापाला घेऊ नका, सुई काढलेली पाच मिलीची सिरिंज वापरा.

देताना कशासोबत द्यायचं, याला फार महत्त्व आहे. अगदी उपाशीपोटी झिंकनं मळमळतं आणि केमोवरच्या मुलाला ते नको असतं. भाकरी किंवा दूध यांच्यासोबत दिलं तर बरंचसं शरीरात शिरतच नाही. मऊ भात किंवा पेज थोडी खाल्ल्यावर दिलेलं मुलं सहन करतात. कॅल्शियम आणि लोह वेगळ्या वेळी. जंतुसंसर्ग टाळायला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक चालू असेल, तर झिंक ते औषध बांधून टाकतं आणि औषध रक्तात पोचतच नाही. अँटिबायोटिक आधी द्यायचं आणि झिंक निदान दोन तासांनी, किंवा झिंक आधी दिलं असेल तर मध्ये चार ते सहा तास जाऊ द्यायचे. न्यूट्रोफिल पडलेल्या मुलात ही चूक जिवावर बेतू शकते.

जुलाबात सरकारी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून मिळणारी २० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी १४ दिवस द्यायची असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला अर्धी. एरवी हा चांगला उपाय आहे. पण केमोवरच्या मुलाचे जुलाब औषधामुळे, संसर्गामुळे किंवा आतड्याच्या गंभीर दाहामुळेही असू शकतात. ताप, पोटदुखी किंवा शौचात रक्त असेल तर गोळी विरघळवत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

तांबं का जातं

आता त्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या बाटलीकडे. रोज जास्तीचं झिंक आतड्यात आलं, की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतात. या प्रथिनाची ओढ झिंकपेक्षाही तांब्याकडे जास्त. अन्नातलं तांबं पेशीत शिरतं, त्या प्रथिनाला चिकटतं आणि तिथेच अडकून राहतं. आतड्याच्या पेशी दर काही दिवसांनी झडतात, त्यांच्याबरोबर तांबंही शौचावाटे निघून जातं. हे आठवड्यात कळत नाही, महिन्यांनी कळतं.

तांबं कमी पडलं की न्यूट्रोफिल घसरतात आणि हिमोग्लोबिनही उतरतं, ते लोह देऊन सुधारत नाही. अस्थिमज्जा तपासली तर पेशींमध्ये पोकळ्या आणि लोहाच्या कड्या असलेल्या लाल पेशी दिसतात, हे चित्र मज्जेच्याच एका गंभीर आजाराशी गल्लत होण्याइतकं मिळतंजुळतं असतं. रक्ताच्या कॅन्सरच्या मेंटेनन्समध्ये (मुख्य उपचारांनंतरच्या, दीर्घकाळ चालणाऱ्या सौम्य केमोत) असलेल्या मुलाबाबत याचा अर्थ काय, ते पाहा. मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट या तिथल्या औषधांचा डोस न्यूट्रोफिल पाहून ठरतो. आकडा पडला की डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात. त्यांना सिरपची कल्पनाच नसेल, तर आकडा औषधानं पडला असंच ते धरणार. म्हणजे ताकदीसाठी दिलेल्या बाटलीपायी कॅन्सरचं औषध कमी होतं. हे टाळायला फाइलमध्ये एक ओळ पुरेशी आहे: सिरपचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख.

काही महिन्यांहून जास्त झिंक द्यावंच लागत असेल, तर तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिन तपासत राहावं. तीव्र कुपोषित मुलांसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या शिफारशीतही दर किलोमागे झिंक २ मिलिग्रॅम आणि त्याच्या जोडीला तांबं ०.३ मिलिग्रॅम असं दोन्ही एकत्रच होतं. एकट्या झिंकचा दीर्घ उपचार हा मुळातच अर्धा उपचार आहे, असं माझं मत आहे.

याचा अर्थ तांब्याच्या बाटलीतून पाणी पाजायला लागा असा मुळीच नाही. पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात दूध तापवून, साठवून तान्ह्या मुलांना दिल्यानं यकृत निकामी होण्याचा एक आजार आपल्याकडे एकेकाळी घराघरांत होता. १९८० च्या दशकात पुण्यात झालेल्या कामानं त्याचं आणि तांब्याचं नातं स्पष्ट झालं आणि भांडी बदलल्यावर तो आजार ओसरला. केमोमुळे ज्याचं यकृत आधीच दमलंय, पित्ताचा निचरा नीट होत नाही, त्या मुलाला तांबं बाहेर टाकायला जमत नाही. दूध, दही, ताक, चिंचेचं सार यांच्यासाठी स्टील बरं.

यशद भस्म, ताम्र भस्म, लोह भस्म यांचंही हेच. वजनावर बेतलेला निव्वळ धातूचा डोस त्यातून काढता येत नाही आणि बाजारातल्या काही रसौषधींच्या (धातूंपासून केलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या) तपासणीत शिसं आणि पारा सापडल्याचं वेळोवेळी प्रसिद्ध झालं आहे. श्रद्धेचा प्रश्न नाही. ज्या मुलाच्या यकृताचे आकडे दर आठवड्याला मोजले जातात, त्याला काय दिलं हे मोजता आलं पाहिजे.

लोह: इथे बहुतेकदा कमी नसतं, जास्त होतं

हिमोग्लोबिन सात आहे म्हणजे लोह कमी आहे, हे एरवीच्या मुलात बऱ्याचदा खरं ठरतं. कॅन्सरच्या मुलात हिमोग्लोबिन कमी असतं ते मज्जा काम करत नाही म्हणून. त्यासाठी रक्त चढवतात आणि चढवलेल्या लाल पेशींच्या प्रत्येक मिलीमध्ये जवळपास १ मिलिग्रॅम लोह असतं. १५ किलोच्या मुलाला दीडशे-दोनशे मिली रक्त चढलं म्हणजे दीडशे मिलिग्रॅमच्या घरात लोह एका दिवसात शरीरात आलं. अन्नातून दिवसाला जेमतेम एखादा मिलिग्रॅम शोषला जातो आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे मार्गच नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठतं. वर जंतूंनाही लोह आवडतं. साठलेलं लोह दाखवणाऱ्या फेरिटिनचा आकडा तापात आणि रक्त चढवल्यावर फुगतो, त्यामुळे एकट्या फेरिटिनवरूनही काही ठरवू नये.

तेव्हा लोहाचं टॉनिक स्वतःहून नको. आणि एक गोष्ट जरूर करा. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात लहान मुलांना आठवड्यातून दोनदा लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी (४५ मिलिग्रॅम लोह, ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) आणि त्यावरच्यांना निळी गोळी मिळते. आशाताई आणि शाळेतल्या बाई ती मनापासून देतात, मुलाच्या उपचारांची त्यांना कल्पना नसते. त्यांना वहीत चिठ्ठी देऊन सांगून ठेवा, की डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ही गोळी नको. नुसत्या लोहाचाच प्रश्न नाही. मेथोट्रेक्सेट काम करतं तेच फॉलिक ॲसिडचा रस्ता अडवून. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसनंतर हॉस्पिटलमध्ये देतात ते ल्युकोव्होरिन (फॉलिक ॲसिडचंच एक रूप) तास मोजून दिलेलं असतं, त्याची नि घरच्या टॉनिकची गल्लत करू नका. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीमागचं लेबलही याच नजरेनं वाचा. बहुतेकांत फॉलिक ॲसिड असतं.

सेलेनियमबद्दल थोडक्यात. गरज आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार कमी. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. ऑनलाइन मिळणाऱ्या एका ब्राझील नटमध्येच पन्नास-नव्वद मायक्रोग्रॅम असू शकतं, तेव्हा मूठभर नट्स हा प्रकार नको. जास्त झालं तर केस आणि नखं गळतात, श्वासाला लसणीसारखा वास येतो. नीट शिजलेलं अंडं, चिकन, कोकण-गोव्याकडून बेळगावच्या बाजारात येणारे मासे यांतून सेलेनियम आरामात मिळतं.

मॅग्नेशियम सूक्ष्म खनिजांत मोडत नाही, पण सिस्प्लॅटिन, आयफॉस्फामाइड ही केमोची औषधं किंवा बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन घेणाऱ्या मुलांत ते लघवीवाटे वाहून जातं. सिस्प्लॅटिननंतर तर उपचार संपले तरी काही महिने, कधी वर्षंही हे चालू राहतं. पायात गोळे येणं, हात थरथरणं, झटके. पोटॅशियम कितीही दिलं तरी वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासलं का, हे विचारा. ते भरून निघाल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. तोंडानं दिलेल्या मॅग्नेशियमनं जुलाब होतात, म्हणून दिवसाचा डोस तीन-चार वेळांत विभागून देतात.

ताटात काय

आपल्या जोंधळ्याच्या भाकरीत, नाचणीत, हुलग्यात, मटकीत झिंक आहे, पण सोबत फायटेटही आहे. ते झिंक आणि लोह दोन्हीला धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. फायटेट तोडायचे जुने मार्ग घरात आहेतच: भिजवणं, मोड आणणं, आंबवणं. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून दीड दिवस मोड आणा, पंख्याखाली सुकवा, मंद भाजून दळा. हे पीठ डब्यात राहतं. दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि सात-आठ मिनिटं रटरटू द्यायचं. मोडाच्या पिठाची पेज पातळच राहते, त्यामुळे तोंडात फोड असतानाही ती गिळता येते आणि त्याच वाटीत पीठही जास्त मावतं. न्यूट्रोफिल कमी असताना वरून कच्चं ताक घालू नका. कच्ची मोडाची उसळ, कोशिंबिरीत पेरलेले मोड तेव्हा पूर्ण बंद. मटकी कुकरमध्ये मऊ शिजवूनच.

झिंकच्या दृष्टीनं सगळ्यात सोपं म्हणजे तीळ. १०० ग्रॅम तिळात सात-आठ मिलिग्रॅम झिंक असतं आणि दोन मोठे चमचे तिळात सव्वा मिलिग्रॅमच्या वर. पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यात पाऊण मिलिग्रॅम, एका अंड्यात अर्ध्याहून थोडं जास्त, पन्नास ग्रॅम मटणात दीड-दोन मिलिग्रॅम, पाव लिटर दुधात एकाच्या आसपास. मटण न खाणाऱ्या घरात तीळ, शेंगदाणे, काजू आणि अंडं चालत असेल तर अंडं, एवढ्यावर पाच वर्षांच्या मुलाची गरज भागू शकते.

तिळाची, कारळ्याची, शेंगाची चटणी आपल्याकडे घरोघरी असतेच. पण तोंड आलेल्या मुलाला तिखट-मीठ झोंबतं. त्याच्यासाठी वेगळा कूट करा. चार भाग तीळ तडतडेपर्यंत आणि दोन भाग शेंगदाणे सालं सुटेपर्यंत भाजून घ्या, सालं काढा, थंड झाल्यावर थोड्या गुळासोबत बारीक वाटा. मिरची, लसूण काही नको. मऊ भातात, पेजेत, खपली गव्हाच्या खिरीत एक-एक चमचा दिवसातून दोन-तीनदा. एका वेळी आठवड्याचाच करा, कोरड्या चमच्यानं काढा. पावसाळ्यात शेंगदाणे नीट निवडा. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा टाकूनच द्या, त्यावरच्या बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही. अख्खे दाणे आणि अख्खे काजू चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, घशात अडकतात. जेवणानंतर लगेच चहा नको. त्यातलं टॅनिन लोह अडवतं आणि पोट भरल्यासारखं होऊन पुढचं खाणं राहतं, ते वेगळंच.

कलेजीत झिंक, तांबं, लोह तिन्ही भरपूर असतात. वारंवार रक्त चढलेल्या मुलाला ती टाळलेलीच बरी. इतरांना आठवड्यातून एकदा, दोन लहान तुकडे, आतपर्यंत शिजवून.

दंडाचा घेर फारच कमी असलेल्या, कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला एकदम भरपूर खायला घालणं धोक्याचं असतं. अचानक आलेल्या साखरेबरोबर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. आजीनं प्रेमानं वाटीभर शिरा आणि कुंदा पुढे केला तर तिला हे समजावून सांगावं लागतं. अशा मुलाचं खाणं हॉस्पिटलमध्ये, रक्ताचे आकडे पाहत, थोड्या प्रमाणापासून काही दिवसांत वाढवतात. नळीतून दूध सुरू करायचं ठरलं तर त्याला घाबरू नका. नाकातली नळी ही मूल हरल्याची खूण नाही, त्यानं घेर सुधारायला आणि पुढची केमो वेळेवर व्हायला मदत होते.

शिरेतून पोषण चालू असेल, तर मात्र खनिजं त्या बाटलीत वेगळी घालावी लागतात, आपोआप नसतात. वर्षावरच्या मुलाला दर किलोमागे दिवसाला झिंक ५० मायक्रोग्रॅम, तांबं २० आणि सेलेनियम २ ते ३ हे नेहमीचं प्रमाण. जुलाब किंवा आतड्याला भोक पडून गळती असेल तर झिंक वाढवावं लागतं. कावीळ असेल तर मँगनीज बंद ठेवतात, ते पित्तातून जात नसल्यानं मेंदूत साठतं. काही दिवसांहून जास्त काळ शिरेतून पोषण चालणार असेल, तर 'ट्रेस एलिमेंट (ही सूक्ष्म खनिजं) घातलेत का' हे विचारायला संकोच नको.

उपचार संपले की सगळी टॉनिकं आपोआप सुरू करायची नसतात. शेवटच्या केमोनंतर काही महिन्यांनी, ताप नसताना, झिंक-तांबं-सीआरपी पुन्हा एकदा पाहावं. पुष्कळदा रक्त चढलेलं असेल तर फेरिटिन, आणि ते बरंच जास्त असेल तर यकृत आणि हृदयातलं लोह मोजणारा एमआरआय. किती मिली रक्त एकूण चढलं, हा हिशेब डिस्चार्ज कार्डांवरून घरीच बेरीज करून ठेवता येतो. लोह खूप साठलं असेल, तर मज्जा सावरल्यावर थोडं थोडं रक्त काढून किंवा औषधानं ते कमी करतात. सिस्प्लॅटिन मिळालेल्या मुलाचं मॅग्नेशियम या भेटींत नेहमीच्या यादीत ठेवावं. आणि गुलाबी गोळी शाळेत पुन्हा सुरू करायची की नाही, ते याच रिपोर्टवरून ठरतं. तोवर बाईंना दिलेली चिठ्ठी वहीतच राहू द्या.